प्रकल्प नोंदी: बहु-नेटवर्क वॉलेटमधल्या टोकन यादीची फेरबांधणी

२ जून २०२५

टोकन यादीचं काम आजपासून हातात घेतलं. आपलं ॲप म्हणजे क्रिप्टो चलनं सांभाळणारं वॉलेट. ते सध्या सहा ब्लॉकचेन नेटवर्क चालवतं: इथेरियम, पॉलिगॉन, बीएनबी स्मार्ट चेन, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम आणि बेस. सगळी ईव्हीएम घराण्यातली, म्हणजे इथेरियमच्याच पद्धतीने प्रोग्राम चालवणारी, म्हणून एका खाजगी किल्लीचा (व्यवहारावर सही करणाऱ्या गुप्त संख्येचा) एकच पत्ता सहाही ठिकाणी चालतो. वापरणाऱ्याची यात मोठी सोय आहे. पण पत्ता एक असला तरी हिशेबाच्या वह्या सहा आहेत, आणि एका वहीतली शिल्लक दुसरीला ठाऊक नसते. हे पडद्यावर जितकं लख्ख दिसायला हवं तितकं आज दिसत नाही.

मूळ अडचण डेटाबेसमध्ये आहे. ॲप सुरुवातीला फक्त इथेरियमसाठी होतं, तेव्हा टोकनची (नेटवर्कवर फिरणाऱ्या डिजिटल नाण्याची) ओळख चिन्हावरून, म्हणजे त्याच्या छोट्या नावावरून ठरली: यूएसडीसी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं टोकन) म्हटलं की यूएसडीसी. एका नेटवर्कवर, मोजक्या टोकनांपुरतं ते निभावलं. पण नोव्हेंबर २०१५ मध्ये मांडलेल्या ईआरसी-२० या टोकनांच्या मानकात नाव, चिन्ह आणि दशांश ही तिन्ही फंक्शनं ऐच्छिक आहेत, आणि चिन्ह एकमेव असावं अशी अट कुठेच नाही. कोणीही उठावं आणि यूएसडीसी नावाचं कॉन्ट्रॅक्ट (नेटवर्कवर राहणारा प्रोग्राम) टाकावं, नेटवर्क अडवत नाही.

ठरलेला नियम असा: टोकनची ओळख म्हणजे चेन आयडी (नेटवर्कचा क्रमांक) आणि कॉन्ट्रॅक्टचा पत्ता यांची जोडी. इथेरियम १, ऑप्टिमिझम १०, बीएनबी ५६, पॉलिगॉन १३७, बेस ८४५३, आर्बिट्रम ४२१६१. नाव, चिन्ह, लोगो फक्त दाखवण्यापुरते. शोध, बेरीज, लपवणं, पाठवणं, काहीही चिन्हावरून होणार नाही.

पत्ते साठवताना सगळी अक्षरं लहान, दाखवताना ईआयपी-५५ या इथेरियमच्या मानकाप्रमाणे लहान-मोठी. ही लहान-मोठी अक्षरं शोभेची नाहीत. ती पत्त्याच्याच हॅशवरून (गणिताने काढलेल्या ठशावरून) ठरतात आणि टाइप करताना झालेली चूक पकडतात. तपासणी नापास झाली तर 'पुढे' हे बटण चालणार नाही. पेस्ट केलेल्या पत्त्यात सगळीच अक्षरं लहान असतील तर तपासायला काही उरत नाही, तिथे इशारा द्यायचा.

४ जून

दशांश.

कॉन्ट्रॅक्ट शिल्लक सांगतं ती नेहमी पूर्ण संख्येत. टिंब कुठे द्यायचं ते दशांशांच्या फंक्शनवरून कळतं. इथेरियम, पॉलिगॉन आणि आर्बिट्रमवर यूएसडीसीचे दशांश ६ आहेत. बीएनबी स्मार्ट चेनवर यूएसडीसी म्हणून जे फिरतं ते सर्कल कंपनीने काढलेलं नाही, बायनान्स या एक्स्चेंजने पेग केलेलं (मूळ यूएसडीसीच्या किमतीला बांधलेलं) आहे, आणि त्याचे दशांश १८. यूएसडीटी या दुसऱ्या डॉलर टोकनचंही तेच: इथेरियमवर ६, बीएनबीवर १८. डब्ल्यूबीटीसीचे (बिटकॉइनच्या किमतीला बांधलेलं टोकन) ८, डायचे (आणखी एक डॉलर टोकन) १८.

चिन्हावरून दशांश उचलणारा जुना कोड टेस्टमध्ये मुद्दाम चालवला. बीएनबीवरच्या ५ यूएसडीसीला ६ दशांश लावले की पडद्यावर ५ लाख कोटी झळकतात. हे निदान बघताक्षणी खटकतं. उलटी बाजू जास्त वाईट आहे. पॉलिगॉनवरच्या ५ यूएसडीसीला १८ दशांश लावले की आकडा येतो ०.०००००००००००५, आणि दोन स्थळांपर्यंत गोल केला की ०.००. माणसाचे पैसे जागच्या जागी असतात आणि पडदा सांगतो की नाहीत. घाबरलेला माणूस मग नेटवर मदत शोधतो, आणि मदतनीस असल्याचं सांगून सीड फ्रेज (वॉलेट परत उघडणारे गुप्त शब्द) काढून घेणारे नेमके तिथेच टपलेले असतात. दशांशांचा प्रश्न मी म्हणूनच सुरक्षिततेच्या खात्यात टाकला आहे.

आकडेमोड सगळीकडे बिगइंटमध्ये, म्हणजे कितीही मोठ्या पूर्ण संख्या अचूक ठेवणाऱ्या प्रकारात हलवली. जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच अचूक राहतो. १८ दशांशांच्या हिशेबात हे एका इथरच्या (इथेरियमच्या मूळ चलनाच्या) शंभराव्या भागाइतकंही नाही.

मेकर प्रकल्पाचं जुनं एमकेआर टोकन चिन्ह स्ट्रिंगमध्ये (साध्या अक्षरओळीत) देत नाही, ३२ बाइटांच्या ठोकळ्यात देतं. त्यासाठी वेगळा मार्ग लिहिला. दशांश सांगणारं फंक्शनच नसेल तर १८ गृहीत धरायचे नाहीत; 'दशांश अज्ञात' असं लिहून पाठवणं बंद ठेवायचं.

९ जून

बीटा गटातले कोथरूडचे एक निवृत्त काका आज त्यांचा फोन घेऊन आले होते. त्यांच्या पॉलिगॉन खात्यात यूएसडीसीच्या दोन ओळी, लोगो एकच, रकमा वेगळ्या.

मी विचारलं, "काका, एक्स्चेंजवर पाठवायचे झाले तर यातले कुठले पाठवाल?"

"अगं, दोन्हीवर यूएसडीसीच लिहिलंय की. वरचे पाठवीन, त्यात रक्कम जास्त आहे."

वरची ओळ ब्रिजवरून, म्हणजे दोन नेटवर्क जोडणाऱ्या सेवेतून आलेल्या टोकनाची होती. इथेरियमवरचं यूएसडीसी ब्रिजच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अडकवून ठेवायचं आणि त्याबदल्यात पॉलिगॉनवर तेवढंच टोकन काढायचं, अशी ती व्यवस्था. सर्कलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पॉलिगॉनवर स्वतःचं यूएसडीसी थेट काढलं, तेव्हापासून जुन्याला यूएसडीसी.ई म्हणतात. आर्बिट्रमवर हेच जून २०२३ मध्ये झालं. दोन्हींचे पत्ते वेगळे, त्यांच्यामागचा भरवसाही वेगळा: एकामागे थेट सर्कल, दुसऱ्यामागे सर्कल आणि शिवाय ब्रिज. बरीच एक्स्चेंजेस यातलं एकच जमा करून घेतात. दुसरं पाठवलं की ते पोचतं, पण खात्यात चढत नाही, आणि मग मदत कक्षाकडे तक्रारीच्या तिकिटामागून तिकीट.

काकांची समज कमी पडली असं मला अजिबात वाटत नाही. पडद्यावर जे लिहिलं होतं तेच त्यांनी वाचलं.

डिझाइन बघणाऱ्या सहकाऱ्याबरोबर बसून ओळीची नवी मांडणी केली. चिन्हाखाली एक उपओळ कायम राहील: 'पॉलिगॉन · सर्कलने थेट काढलेलं' किंवा 'पॉलिगॉन · इथेरियमवरून ब्रिजने आलेलं'. लोगोच्या कोपऱ्यात नेटवर्कचा बिल्ला. फोनचा फॉन्ट कितीही मोठा केला तरी उपओळ कापली जाणार नाही, गरज पडली तर दोन ओळींत मोडेल. नुसता रंग वापरून फरक दाखवायचा नाही, कारण रंग सगळ्यांना सारखे दिसत नाहीत.

'सर्व नेटवर्कांची बेरीज' ही सोय काढावी का, यावर बराच खल झाला. बेरीज ठेवायची, पण ती फक्त अंदाजे किमतीची. 'तुमच्याकडे ३०० यूएसडीसी आहेत' असं वाक्य ॲपमध्ये कुठेही येणार नाही, कारण ते ३०० एका व्यवहारात कोणालाही खर्चता येत नाहीत.

१० जून

टेस्टनेटांची (खऱ्या पैशांविना चालणाऱ्या चाचणी नेटवर्कांची) यादी साफ केली. पॉलिगॉनचं 'मुंबई' टेस्टनेट (८०००१) एप्रिल २०२४ मध्ये बंद झालं, तरी कोडमध्ये होतं. आता पॉलिगॉनचं अमोय (८०००२) आणि इथेरियमचं सेपोलिया (१११५५१११).

१६ जून

एका टेस्टरच्या खात्यात पॉलिगॉनची मूळ शिल्लक दोनदा दिसत होती. कारण सापडलं. पॉलिगॉनवर गॅससाठी (व्यवहाराच्या फीसाठी) लागणारं मूळ टोकन एका राखीव पत्त्यावर ईआरसी-२० सारखंही बोलतं. पत्ता सगळा शून्यांचा, शेवटी १०१०. कोणत्या तरी आयात केलेल्या टोकन यादीत तो पत्ता साधं टोकन म्हणून नोंदला होता. एकच रक्कम एकदा मूळ शिल्लक म्हणून आली, एकदा टोकन म्हणून, आणि बेरीज दुप्पट झाली. झेडकेसिंक इरा या नेटवर्कवरचं इथर आणि सेलो या नेटवर्कचं मूळ टोकनही असंच दोन तोंडांनी बोलतं, त्यामुळे पॉलिगॉनपुरता अपवाद न करता प्रत्येक नेटवर्कच्या नोंदीत 'मूळ टोकनचा दुसरा पत्ता' असा रकाना जोडला.

त्याच फाइलमध्ये पॉलिगॉनच्या मूळ टोकनचं नाव मॅटिकचं पीओएल केलं. ४ सप्टेंबर २०२४ ला पॉलिगॉनवरचं मूळ टोकन एकास एक आपोआप बदललं. इथेरियमवर ज्यांनी मॅटिक ईआरसी-२० म्हणून ठेवलं होतं त्यांना मात्र बदल स्वतः करावा लागतो. म्हणून इथेरियमवरच्या मॅटिकचं नाव बदलायचं नाही, ते मॅटिकच आहे.

२३ जून

शिल्लक वाचणं. आधी प्रत्येक टोकनासाठी नोडला (नेटवर्कची वही ठेवणाऱ्या संगणकाला) वेगळा प्रश्न जायचा. आता मल्टिकॉल-३ कॉन्ट्रॅक्टमार्फत एका नेटवर्कचे सगळे प्रश्न एका हाकेत जातात. हे कॉन्ट्रॅक्ट आपल्या सहाही नेटवर्कांवर एकाच पत्त्यावर बसलेलं आहे, त्यामुळे जोडणी सोपी गेली. एखादं बिघडलेलं टोकन सगळी हाक पाडू नये म्हणून प्रत्येक प्रश्नाला 'फसला तरी चालेल' असं चिन्ह लावलं.

वेग वाढला, पण मला यापेक्षा महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. नोडने उत्तर दिलं नाही आणि शिल्लक शून्य आहे, या दोन स्थिती जुन्या कोडमध्ये एकाच आकड्यात मिसळल्या होत्या. आता शून्य तेव्हाच दिसेल जेव्हा नेटवर्कने शून्य सांगितलं असेल. उत्तर आलं नाही तर शेवटची माहीत असलेली रक्कम, फिकट अक्षरांत, खाली वेळ: 'सकाळी १०:४२ ची शिल्लक, पॉलिगॉनशी संपर्क होत नाही'. लोकलमध्ये सिग्नल गेलेल्या माणसाला आपले पैसे गेले असं क्षणभरही वाटू नये.

१ जुलै

न मागता आलेली टोकनं. पॉलिगॉन आणि बीएनबीवर व्यवहार स्वस्त, म्हणून तिथे कचरा जास्त. टोकनच्या नावातच एखाद्या साइटचा पत्ता आणि 'बक्षीस मिळवा' लिहिलेलं असतं. काहींच्या चिन्हात एखादं अक्षर सिरिलिक लिपीतलं घुसवलेलं असतं, डोळ्यांना फरक कळत नाही.

धोरण: नेटवर्कवर सापडलेलं प्रत्येक टोकन मुख्य यादीत येणार नाही. आपल्या तपासलेल्या यादीत असेल किंवा वापरणाऱ्याने स्वतः पत्ता देऊन जोडलं असेल तरच येईल. बाकीची 'न तपासलेली' या कप्प्यात जातील, किंमत न लावता, आणि नावातली लिंक दाबता येणार नाही. चिन्हात लिप्यांची सरमिसळ असेल तर लाल पट्टी.

व्यवहारांच्या इतिहासाचं काम याहून नाजूक निघालं. ईआरसी-२० मध्ये शून्य रकमेची हालचाल तिसऱ्याच माणसाला तुमच्या नावे करता येते, परवानगी लागत नाही, कारण शून्याला परवानगी पुरतेच. मग तुमच्या इतिहासात, तुम्ही कधीच न केलेला, तुमच्या पत्त्यावरून 'गेलेला' व्यवहार दिसतो. ज्या पत्त्याकडे तो गेला त्याची पहिली आणि शेवटची काही अक्षरं तुमच्या नेहमीच्या पत्त्याशी जुळतील अशी मुद्दाम घडवलेली असतात. पुढच्या वेळी माणूस इतिहासातून पत्ता कॉपी करतो आणि संपलं. मे २०२४ मध्ये अशाच सापळ्यात एका खात्यातून १,१५५ डब्ल्यूबीटीसी एका फटक्यात गेले. त्यातली बहुतेक रक्कम नंतर परत आली, पण प्रत्येकाच्या नशिबी ते येत नाही.

म्हणून तीन बदल. शून्य रकमेच्या हालचाली इतिहासात येणार नाहीत. पत्ता मधून ठिपके देऊन तोडायचा नाही. पाठवण्याच्या शेवटच्या पडद्यावर तो पूर्ण, चार-चार अक्षरांच्या गटांत. आणि नवा पत्ता जुन्या एखाद्या पत्त्याशी दोन्ही टोकांना जुळत असेल पण मध्ये वेगळा असेल, तर दोन्ही एकाखाली एक ठेवून वेगळी अक्षरं ठळक करायची.

८ जुलै

अप्रूव्हलचा (टोकन काढण्याच्या परवानगीचा) पडदा. डॅप्सना (नेटवर्कवर चालणाऱ्या ॲप्सना) दिलेली परवानगी बऱ्याचदा अमर्याद असते, म्हणजे दोनचा २५६ वा घात वजा एक, ७८ अंकी संख्या. हा आकडा तसाच दाखवून कोणाला काही कळत नाही. लिहायचं: 'हे कॉन्ट्रॅक्ट तुमचं पॉलिगॉनवरचं सगळं यूएसडीसी, आजचं आणि पुढे येणारंही, कधीही काढू शकतं.' लांब आहे, पण खरं आहे. छोटं करा अशी सूचना आली होती, मी नको म्हटलं.

परवानगीसुद्धा नेटवर्कागणिक वेगळी. इथेरियमवर रद्द केली म्हणून पॉलिगॉनवरची रद्द होत नाही, तिथे वेगळा व्यवहार आणि वेगळा गॅस. यादी म्हणून नेटवर्कनुसार गटांत लावली.

इथेरियमवरच्या यूएसडीटीची एक खोड आहे: आधीची परवानगी शून्य केल्याशिवाय नवी रक्कम घेत नाही. तिथे दोन टप्पे आपोआप सुचवले जातील.

ईआयपी-२६१२ या मानकातल्या परमिटवर (सहीने दिलेल्या परवानगीवर) मात्र या पडद्याचा इलाज चालत नाही. ती नुसती सही असते, गॅस लागत नाही, आणि कोणी वापरेपर्यंत नेटवर्कवर तिचा मागमूस नसतो. रद्द करण्याच्या यादीत ती दिसणारच नाही. जे करायचं ते सहीच्या क्षणीच करायला हवं: कोणाला, कोणतं टोकन, कोणत्या नेटवर्कवर, किती, कधीपर्यंत. या पाच गोष्टी वाचता आल्या नाहीत तर सहीचं बटण नाही.

१५ जुलै

'स्वीकारा' पडदा. एकच पत्ता सहा नेटवर्कांवर चालतो हे साध्या खात्यापुरतं खरं. कॉन्ट्रॅक्ट वॉलेटसाठी, म्हणजे एकाहून जास्त सह्या लागणाऱ्या मल्टिसिगसाठी, ते गृहीत धरता येत नाही, आणि आपले काही वापरणारे मल्टिसिग जोडतात.

टीमला समजवण्यासाठी जून २०२२ चं प्रकरण मांडलं. ऑप्टिमिझम फाउंडेशनने विंटरम्यूट या कंपनीला ओपी या ऑप्टिमिझमच्या टोकनची २ कोटी नाणी पाठवली. कंपनीने दिलेला पत्ता इथेरियमवरच्या त्यांच्या मल्टिसिगचा होता. ऑप्टिमिझमवर त्या पत्त्यावर तेव्हा काहीच नव्हतं. चाचणीचे व्यवहार आधी झाले होते, पण टोकन पत्त्यावर पोचले एवढंच त्यातून कळलं. ते हलवता येतात का, हे तपासलं गेलं नाही. मल्टिसिग बनवणाऱ्या फॅक्टरी कॉन्ट्रॅक्टचा इथेरियमवरचा जुना व्यवहार सहीत चेन आयडी नसलेला होता, त्यामुळे दुसऱ्याच कोणी तोच ऑप्टिमिझमवर पुन्हा चालवला आणि वॉलेटामागून वॉलेट काढत नेमका तो पत्ता गाठला. १.७ कोटी टोकन नंतर परत मिळाले.

आता पत्ता दाखवण्याआधी ॲप त्या नेटवर्कवर त्या जागी कोड आहे का ते पाहतं. मल्टिसिग असेल आणि निवडलेल्या नेटवर्कवर तो बसवलेला नसेल तर क्यूआर दाखवतच नाही. पाठवणाऱ्यासाठी मदतीत एक वाक्य: चाचणीची रक्कम पोचली एवढ्यावर थांबू नका, समोरच्याला ती परत पाठवायला सांगा.

२२ जुलै

सोलाना या ईव्हीएमबाहेरच्या नेटवर्कची तयारी. इथे ईव्हीएमची सवय बाजूला ठेवावी लागते. सीड फ्रेज तीच राहते, पण तिच्यातून खाजगी किल्ली काढायचा मार्ग वेगळा (इथेरियमचा क्रमांक ६०, सोलानाचा ५०१) आणि सहीची पद्धतही वेगळी, म्हणून पत्ता निराळा. टोकनची ओळख म्हणजे मिंटचा (टोकनची मूळ नोंद ठेवणाऱ्या खात्याचा) पत्ता. चेन आयडीचा आकडा नाही, म्हणून आपल्या डेटाबेसची किल्ली सीएआयपी-२ या नेटवर्कांना नावं देणाऱ्या मानकाच्या धर्तीवर केली: पॉलिगॉन म्हणजे 'ईआयपी१५५:१३७', सोलानासाठी तशीच पण 'सोलाना' या उपसर्गाने सुरू होणारी.

प्रत्येक टोकनासाठी सोलानावर स्वतंत्र टोकन खातं उघडावं लागतं आणि त्यात ०.००२०३९२८ सोल (सोलानाचं मूळ चलन) अनामत राहतं. समोरच्याकडे ते टोकन पहिल्यांदाच जात असेल तर सहसा पाठवणाराच हे भरतो. पाठवण्याच्या पडद्यावर ही रक्कम फीपासून वेगळी दाखवायची. रिकामं खातं बंद केलं की अनामत परत मिळते, त्यासाठी 'रिकामी टोकन खाती' असा भाग केला. अशी बरीच खाती साठलेल्या माणसाला ही रक्कम चांगलीच जाणवते.

४ ऑगस्ट

खात्यात यूएसडीसी आहे पण गॅससाठी पीओएल नाही, या अडचणीचे संदेश बदलले. 'अपुरी शिल्लक' असं आता कुठेही येत नाही. 'पॉलिगॉनवर पाठवण्यासाठी थोडं पीओएल लागेल. इथेरियमवरचं इथर इथे चालत नाही.' गॅस रिकामा असेल तर हे टोकनच्या पानावरच आधी दिसतं, रक्कम आणि पत्ता भरून झाल्यावर नाही.

११ ऑगस्ट

व्यवहारांची सीएसव्ही फाइल. भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही. एक टोकन देऊन दुसरं घेतलं तरी तो व्यवहार धरला जातो. सीएला हव्या असलेल्या गोष्टी विचारून रकाने ठरवले: नेटवर्क, कॉन्ट्रॅक्टचा पत्ता, व्यवहाराचा हॅश, भारतीय वेळ, रक्कम, फी. कर किती ते ॲप सांगणार नाही.

१९ ऑगस्ट

जुना डेटाबेस नव्या किल्लीवर, म्हणजे टोकनच्या नव्या ओळखीवर आणला. हे सगळ्यात जपून करायचं काम होतं, कारण लोकांनी लपवलेली टोकनं, दिलेली टोपणनावं, लिहिलेल्या टिपा, सगळं चिन्हावर टांगलेलं होतं.

चिन्हावरून पत्ता नक्की ठरत असेल तिथे सरळ बदल. 'पॉलिगॉन, यूएसडीसी' अशा नोंदींना दोन उत्तरं संभवतात. तिथे अंदाज करायचा नाही. स्क्रिप्ट दोन्ही कॉन्ट्रॅक्टांना शिल्लक विचारते. एकातच रक्कम असेल तर नोंद तिकडे जाते. दोन्हींत असेल तर दोन्ही ओळी उघड्या राहतात, टीप दोन्हींवर चिकटते आणि वापरणारा स्वतः ठरवतो. लपवलेलं टोकन आणि त्यात शिल्लक, असं असेल तर ते उघड करायचं, मग यादी थोडी लांब झाली तरी हरकत नाही. जुनी फाइल वाचण्यापुरती पुढच्या दोन आवृत्त्यांपर्यंत फोनमध्ये राहील.

बीटा गटात अद्यतन सोडलं. काकांनी फोनवर सांगितलं, "आता खालचं सर्कलचं आहे ते कळतंय. पण वरच्याचं सर्कलचं कसं करायचं?" प्रश्न रास्त आहे. यूएसडीसी.ईच्या पानावर 'थेट यूएसडीसीत बदला' असा मार्ग हवा, आणि त्यात येणाऱ्या टोकनचा पत्ता आपल्या तपासलेल्या यादीतूनच घेतलेला हवा, बाहेरच्या शोधातून नाही. हे पुढच्या आवृत्तीत घेतलं आहे, ट्रॉन हे आणखी एक नेटवर्क जोडण्याच्या आधी.